दयेला कागद लागतो

प्रश्न विचारणाऱ्या ताई न्यू जर्सीत राहतात. त्यांच्या मुलांना सहा वर्षे सांभाळणाऱ्या बाई मूळच्या मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातल्या. त्या बाईंच्या नवऱ्याला गेल्या महिन्यात, पहाटे कामावर निघताना, इमिग्रेशनच्या लोकांनी उचलले. तो २००९ साली सीमा ओलांडून आला, तेव्हापासून इथेच आहे, कागद कसलेच नाहीत. मुले दोन, अकरा आणि सात वर्षांची, दोघेही इथेच जन्मलेले. धाकट्याला दमा आहे. ताई लिहितात, "माझे मिस्टर म्हणतात, वाईट मलाही वाटते, पण कायदा तो कायदा. आपण बारा वर्षे ग्रीन कार्डच्या रांगेत उभे आहोत ते काय उगाच? मला त्यांना उत्तर देता येत नाही आणि रडूही आवरत नाही. न्यायाधीशांना पत्र लिहिले तर काही उपयोग होतो का? की आपल्याच व्हिसावर गदा येईल?"

ताई, मी बावीस वर्षे इथल्या इमिग्रेशन कोर्टात वकिली करते आहे. तुमच्यासारखीच पत्रे मला येतात आणि बहुतेक वेळा उशिरा येतात, माणूस विमानात बसल्यावर. तुम्ही वेळेत विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचे रडू एका बाजूला आणि मिस्टरांचा कायदा दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी तुम्ही मनात केलेली दिसते. पण दयेला कायद्यात जागा आहे. फार अरुंद आहे, आणि तिथून आत जायचे तर दयेला पुरावा व्हावे लागते. कणव वाटते म्हणून इथला न्यायाधीश कोणाला ठेवून घेऊ शकत नाही, त्याला तो अधिकारच नाही. त्याच्यासमोर कणव येते ती दवाखान्याच्या कागदातून, शाळेच्या पत्रातून, भाड्याच्या पावतीतून.

त्या जागेचे नाव 'कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल', म्हणजे हद्दपारी रद्द होऊन ग्रीन कार्ड मिळणे. अटी अशा. माणूस सलग दहा वर्षे अमेरिकेत असला पाहिजे. वर्तन चांगले हवे. ठरावीक प्रकारच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेली नको. आणि चौथी अट, जिच्यावर बहुतेक खटले आपटतात: तो गेला तर त्याच्या अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवऱ्याला, बायकोला, आईबापांना किंवा मुलांना 'असाधारण आणि अत्यंत विरळा' असा त्रास होईल हे सिद्ध करावे लागते. त्याचा स्वतःचा त्रास मोजला जात नाही. बायकोलाही कागद नसतील तर तिचाही नाही. तुमच्या बाईंच्या घरात कायद्याच्या लेखी ज्यांचे दुःख मोजले जाईल अशी माणसे दोनच, अकरा वर्षांचे एक आणि सात वर्षांचे एक. त्यातून देशभरात मिळून वर्षाला फक्त ४,००० जणांना ही सवलत देता येते.

हे नेहमीच असे नव्हते. १९९६ पूर्वी सात वर्षे पुरत, आणि त्रास 'अतिशय' असला की भागे. मुख्य म्हणजे हद्दपार होणाऱ्याचा स्वतःचा त्रासही धरत. सप्टेंबर १९९६ मध्ये क्लिंटन यांच्या सहीने नवा कायदा झाला आणि १ एप्रिल १९९७ पासून तो जागोजागी लागू झाला. न्यायाधीश तेच, खुर्च्या त्याच, फक्त त्यांच्या हातातली मोजपट्टी बदलली. म्हणून न्यायाधीश निष्ठुर आहेत असे कोणी म्हटले की मी थांबवते. रेष संसदेने हलवली आहे.

ती रेष नेमकी कुठे आहे हे २००१ आणि २००२ मधल्या इमिग्रेशन अपील मंडळाच्या निकालांतून कळते. २००१ च्या खटल्यात बाप चौदाव्या वर्षी अमेरिकेत आलेला, वीस वर्षे इथे राहून कष्ट केलेला, मुले नागरिक. मंडळाने नकार दिला. २००२ मध्ये दोन नागरिक मुलांच्या एकट्या आईलाही नकार. त्याच वर्षी दुसऱ्या एका एकट्या आईला मात्र होकार मिळाला. तिला सहा मुले, त्यातली चार नागरिक, सगळे नातलग अमेरिकेत कायदेशीर स्थायिक, आणि मेक्सिकोत आधाराला माणूस नाही. मंडळाने त्या निकालातच नोंदवले की सवलतीची बाहेरची कड साधारण इथवर आहे. दोन आणि सहा यांच्यामध्ये कुठेतरी आमचा सगळा धंदा चालतो.

याचा परिणाम किती विचित्र होतो ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आई आली होती. तिची तिन्ही मुले हुशार, तब्येतीने ठणठणीत, घरात स्पॅनिश बोलणारी. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी थोरलीने मला तिचे प्रगतिपुस्तक आणून दिले, सगळीकडे 'ए'. तिला वाटले हे पाहून न्यायाधीश खूश होतील. मी ते हातात घेऊन बसले आणि मला काय बोलावे सुचेना, कारण सरकारी वकील दुसऱ्या दिवशी नेमके तेच म्हणणार होता: मुले निरोगी आहेत, हुशार आहेत, भाषा येते, जातील तिथे रुळतील. तसेच झाले. निकाल वाचून झाल्यावर न्यायाधीशांनी रेकॉर्डर बंद केला आणि त्या बाईकडे पाहून म्हणाले, "तुम्ही मुलांना फार चांगले वाढवले आहे." दुभाष्याने ते स्पॅनिशमध्ये सांगितले. ती "ग्रासियास", म्हणजे धन्यवाद, म्हणाली. तिला वाटले आपण जिंकलो. हरलो आहोत हे मला तिला बाहेरच्या बाकावर सांगावे लागले.

आपण मुलांना धीट, हसतमुख, अभ्यासू करायला आयुष्य घालवतो, आणि हा कायदा आईबापांना त्यांची दुखणी मांडायला लावतो. मला ते आजही मनाविरुद्ध वाटते. तरी मी ते करते, कारण ते नाही केले तर मुलांचे घरच मोडते.

आता तुमच्या ओळखीच्या घराकडे वळू. धाकट्याचा दमा इथे अतिशय महत्त्वाचा आहे. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्याचा निकाल दिला त्यातला बाप त्रिनिदादहून आलेला होता आणि त्याच्याही लहान मुलाला तीव्र दमा होता. न्यायाधीशाने त्रास पुरेसा नाही म्हणून नकार दिला. वरचे फेडरल अपील न्यायालय म्हणाले, हा न्यायाधीशाच्या मर्जीचा भाग, आम्ही हात घालू शकत नाही. हे थर्ड सर्किट, म्हणजे न्यू जर्सीलाही लागू असलेले न्यायालय. सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढले. सिद्ध झालेले त्रास 'असाधारण' ठरतात की नाही हा कायद्याचा प्रश्न आहे आणि वरच्या न्यायालयाने तो तपासलाच पाहिजे, असे सांगितले. तपासताना वरचे न्यायालय खालच्याला बराच मान देते, तेव्हा याने खटले आपोआप जिंकले जात नाहीत. पण खालच्या कोर्टात नीट पुरावा मांडला असेल तर आता तो पुढे वाचला तरी जातो.

दमा आहे म्हणणे वेगळे आणि दाखवणे वेगळे. डॉक्टरचे "अमुक मुलाला दमा आहे" एवढे एका ओळीचे पत्र मी फाईलला लावतच नाही. मला हवे असते ते असे: किती वेळा इमर्जन्सीत न्यावे लागले, त्या तारखा. नेब्युलायझर रात्री कोण लावतो. शाळेच्या नर्सच्या वहीत इन्हेलरच्या नोंदी किती. इन्शुरन्स कोणाच्या पगारातून चालतो, की मुलाला राज्याच्या योजनेतून मिळतो. आणि गावी परत गेले तर सर्वांत जवळचा दवाखाना किती तासांवर आहे. माझ्या एका खटल्यात नर्सच्या वहीतल्या एका ओळीने फार काम केले: "वडिलांना फोन केला, अकरा मिनिटांत पोचले." बाप कोण असतो हे त्या अकरा मिनिटांनी कोर्टाला सांगितले, माझ्या भाषणाने नाही सांगितले.

दहा वर्षांचा हिशेबही असाच कागदावर चालतो. एका छपराच्या कामगाराने माझ्या टेबलावर निळा बिस्किटांचा डबा आणून ठेवला होता, आपल्या घरी ज्यात सुईदोरा असतो तसला. आत भाड्याच्या पावत्या, गावी पैसे पाठवल्याच्या चिठ्ठ्या, मुलांची लसीकरणाची कार्डे, टायर बदलल्याचे बिल, वाचनालयाचे कार्ड. आम्ही ते वर्षवार मांडत गेलो. २०१३ मध्ये आठ महिने कोरे निघाले. शेवटी चर्चच्या नोंदवहीत त्याच काळातल्या एका बाप्तिस्म्याला तो साक्षीदार म्हणून सही करून गेलेला सापडला. त्या सहीने भोक बुजले. दहा वर्षांचे हे घड्याळ सुनावणीला बोलावणारी सरकारी नोटीस बजावली की थांबते. मात्र सुनावणीची वेळ आणि जागा नसलेली अर्धवट नोटीस चालत नाही, सगळे एकाच कागदावर हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. म्हणून नोटिशीचा कागद जपून ठेवायला सांगा, तो वकिलाने स्वतः वाचला पाहिजे.

वकिलाआधी त्या बाईंना दोन गोष्टी विचारा, आणि खरे उत्तर घ्या. नवऱ्याला २००९ च्या आधी किंवा नंतर कधी पकडून परत पाठवले होते का? तसे असेल तर जुनाच आदेश पुन्हा लावून, न्यायाधीशासमोर न नेताच धाडता येते आणि वर लिहिलेली सवलत हातची जाते. दुसरे, मधल्या काळात तो आई वारली म्हणून, लग्नाला म्हणून, गावी जाऊन आला होता का? एका वेळी ९० दिवसांपेक्षा जास्त किंवा सगळे मिळून १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिला असेल तर दहा वर्षांची सलगता तुटते. आईच्या अंत्यविधीला गेल्यामुळे मुलांजवळ राहण्याचा हक्क गमावलेली माणसे मी पाहिली आहेत.

लोक मला हमखास विचारतात की मुले अमेरिकन आहेत, मग आईबापांना कार्ड का मिळत नाही? मूल २१ वर्षांचे झाल्याशिवाय अर्ज करू शकत नाही. झाल्यावरही बाप व्हिसा घेऊन आलेला असेल तर इथल्या इथे काम होऊ शकते, मुदत संपून राहिला असला तरी. सीमा ओलांडून आलेला असेल तर त्याला बहुधा मायदेशी जाऊन व्हिसा आणावा लागतो, आणि एक वर्षाहून जास्त बेकायदा राहिलेल्या माणसाने देश सोडला की दहा वर्षे परतीची बंदी लागते. ती बंदी माफ करून घेता येते, पण तिथे नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले आईबाप, नवरा, बायको यांचाच त्रास धरतात, मुलांचा नाही. एकाच कायद्यात दोन दरवाजे, आणि मुलाचे दुःख एका दारात चालते, दुसऱ्यात नाही.

पत्राबद्दल. होय, लिहा. न्यायाधीशांना परस्पर पाठवू नका, वकिलामार्फत फाईलमध्ये जाऊ द्या. "ही फार चांगली माणसे आहेत, कृपया दया करा" असे पानभर लिहिलेले मी शेकडो वेळा वाचले आहे, त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. तुम्ही डोळ्यांनी काय पाहिले ते लिहा. बाप मुलाला शाळेत सोडताना पाहिला का, किती वर्षे. धाकट्याला दम लागला तेव्हा तुम्ही तिथे होतात का, कोणी काय केले. बाप गेल्यापासून मुलात काय बदलले, तो जेवतो का, झोपतो का. एक पान पुरे. बोलावले तर साक्षीला याल, हे शेवटी लिहा.

पण थांबा. बाई तुमच्याकडे पगारावर काम करतात. कागद नसलेल्या माणसाला माहीत असूनही कामावर ठेवणे १९८६ पासून बेकायदा आहे, आणि तुम्ही स्वतः व्हिसावर आहात. म्हणून सहीपूर्वी ते पत्र तुमच्या स्वतःच्या वकिलाला दाखवा. त्यांच्या वकिलाला नव्हे, तुमच्या. पत्रात खोटे काहीही लिहू नका, नाते बदलूनही सांगू नका. तुमच्या वकिलाने पत्र नको म्हटले तर तीच माहिती शाळेतल्या शिक्षिका, शेजारी, चर्चचे पाद्री देऊ शकतात. मदतीचे इतर प्रकार, म्हणजे शिधा देणे, मुलांना शाळेत सोडणे, बाईंना वकिलाकडे किंवा कोर्टात नेणे, वकिलाची फी भरायला हातभार लावणे, यांत सहसा धोका नाही. कोणाला अधिकाऱ्यांपासून लपवणे किंवा त्यांच्याशी खोटे बोलणे हा गुन्हा होऊ शकतो. ॲरिझोनाच्या वाळवंटात तहानलेल्यांना पाणी आणि आसरा देणाऱ्या एका स्वयंसेवकावर लपवाछपवीचा खटला भरला होता. २०१९ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडले, पण तोवर त्याने दोन खटले सोसले. मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. तुमचे पाय कुठल्या जमिनीवर आहेत ते माहीत असलेले बरे.

आता मिस्टरांचे म्हणणे. ते चूक बोलत नाहीत. बारा वर्षे रांगेत काढलेल्या माणसाचा राग मला समजतो, माझ्या घरातही ती रांग होऊन गेली आहे. पण ते ज्या रांगेत उभे आहेत ती या माणसासाठी नव्हतीच. अकुशल कामगारांसाठी वर्षाला ग्रीन कार्डे जास्तीत जास्त १०,०००, तीही साऱ्या जगासाठी आणि कुटुंबीय धरून. अमेरिकन नागरिक भावाने मेक्सिकोतल्या भावासाठी अर्ज केला तर वीस वर्षांहून अधिक थांबावे लागते. शिवाय तुमच्या रांगेकडेही हा कायदा फारशा मायेने पाहत नाही. तुमची मुलगी भारतात जन्मून एच-४ वर, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असेल आणि नंबर लागायच्या आत २१ ची झाली, तर तिचे काय होते ते तुम्हा दोघांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. इथे वाढलेली मराठी मुले शिकून-सवरून पुन्हा परकी ठरतात, तेव्हा हेच मिस्टर कायद्याला म्हणतील की माझ्या लेकीकडे तरी बघ. तेव्हा त्यांचे म्हणणे बरोबरच असेल. आणि कागद नसलेले म्हणजे फक्त मेक्सिकोचे असेही नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी बेड्या घातलेल्या १०४ भारतीयांना घेऊन लष्करी विमान अमृतसरला उतरले, त्यात तिघे महाराष्ट्रातले होते.

त्यांना एक जुना खटला सांगा. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की भारतीय हे 'गोरे' नाहीत, म्हणून त्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही. मग आधी दिलेली नागरिकत्वे काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. लॉस एंजेलिसमधल्या एका वकिलावरही खटला भरला. त्यांचे नाव सखाराम गणेश पंडित. १९२३ च्या त्या खटल्यात भारतीयाची बाजू मांडणारे वकील तेच. आता स्वतःवर पाळी आली. त्यांनी सरळ आपले आयुष्य कोर्टापुढे ठेवले: सरकारने १९१४ मध्ये मला नागरिक केले, त्या भरवशावर मी वकिली सुरू केली, इथे लग्न केले, घर घेतले, भारतातले पाश तोडले. इतक्या वर्षांनी ते उलटवणे अन्याय आहे. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकायला नकार दिला, आणि उरलेले तसले खटले सरकारने पुढे रेटले नाहीत. पंडितांजवळ कागद होता, तुमच्या बाईंच्या नवऱ्याजवळ नाही, हा मोठा फरक आहे आणि मी तो झाकत नाही. पण माणसाने एखाद्या जागी काय उभे केले आहे हे कोर्टाने पाहावे, ही मागणी तीच आहे. कायद्याने ती पूर्वीही ऐकली आहे.

कायदा तो कायदा, याला आणखी एक बाजू आहे. कोणाला आधी पाठवायचे, कोणाला थांबवून ठेवायचे, ते इमिग्रेशन खातेच नेहमी ठरवत आले आहे. बीटल्सचे गायक जॉन लेनन यांना १९७२ पासून हद्दपार करायची खटपट चालली होती, तेव्हा त्यांच्या वकिलांनी, लिऑन वाइल्ड्स यांनी, सरकारी कागद मागवून उघड केले की दया दाखवण्याजोगी प्रकरणे मागे ठेवायची पद्धत खात्यात गुपचूप आहेच. २०११ च्या परिपत्रकात तर इथे किती वर्षे आहे, मुले नागरिक आहेत का, घरात आजारी कोण, हे पाहा असे लिहून दिले होते. सरकारे बदलली तशी ही परिपत्रकेही गेली. शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळे इथे अटक टाळण्याची सूचना जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतली गेली. म्हणून आज मी अधिकाऱ्याच्या मर्जीवर कोणालाही भिस्त ठेवू देत नाही. आम्ही विनंतीचा अर्ज करतो, पण तयारी सुनावणीची करतो.

राहिली वकिलाची गोष्ट. इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही, कारण कायद्याच्या भाषेत हद्दपारी ही शिक्षाच नाही, दिवाणी बाब आहे. सात वर्षांच्या मुलाचा बाप जातो ती शिक्षा नव्हे, हे १८९३ पासून चालत आले आहे. न्यू जर्सीत मात्र अटकेत असलेल्यांसाठी राज्याच्या निधीतून मोफत वकिली चालते, तिथे आजच नाव नोंदवा. 'नोतारियो' म्हणवणाऱ्याकडे जाऊ नका. मेक्सिकोत त्या नावाचा माणूस मोठा कायदेपंडित असतो, इथे तो फक्त सहीशिक्का मारणारा. असल्यांनी भरलेल्या चुकीच्या अर्जांमुळे, जिंकता आले असते असे खटले मी हरले आहे. जामिनाचे नियम गेल्या काही काळात भराभर बदललेत, त्यामुळे मैत्रिणीच्या दिराला दोन वर्षांपूर्वी जामीन मिळाला होता, या माहितीवर काही ठरवू नका.

तारीख चुकवली तर गैरहजेरीत हद्दपारीचा आदेश होतो, आणि तो उठवणे म्हणजे डोंगर फोडणे. सुटून आला आणि पत्ता बदलला तर पाच दिवसांत कोर्टाला फॉर्म भरून कळवावे लागते. बाईंच्या स्वतःच्या डोक्यावरही तीच तलवार आहे, म्हणून मुलांचे पासपोर्ट काढून घ्यायला सांगा, आणि त्यांना काही झाले तर मुले कोणाकडे राहतील याचा पालकत्वाचा कागद वकिलाकडून करून घ्यायला सांगा. शाळेच्या आणीबाणीच्या यादीत तिसरे नाव कोणाचे आहे, ते विचारा. बहुतेक घरांत तिथे बापाचेच नाव दोनदा लिहिलेले असते.

उद्या सकाळी बाई कामावर येतील तेव्हा चहा द्या आणि विचारा, तुमच्या घरी पावत्या कशात ठेवता? डबा असेल, पिशवी असेल, गादीखालचे पाकीट असेल. जे असेल ते संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर उघडा आणि २००९ पासून मांडायला लागा. मिस्टरांनाही बसवा. वर्षवार लावायला दोन माणसे लागतात.